झरीना: छापलेली घरं, सुटी पानं. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वुडकट, म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावरून छपाई, शिकवताना मी पहिल्या दिवशी झरीनांच्या कामाचे फोटो दाखवते. त्यानंतर जे प्रश्न येतात ते वर्षानुवर्षं जवळपास तेच आहेत, म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे मला बोलायला आवडतं.

झरीना म्हणजे नेमक्या कोण?

झरीना हाश्मी. जन्म १६ जुलै १९३७, अलीगढ. वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. लग्नानंतर नवऱ्याच्या परराष्ट्र सेवेतल्या नोकरीमुळे बँकॉक, पॅरिस, बॉन असं फिरणं झालं. नंतर न्यूयॉर्कला बिऱ्हाड केलं आणि आयुष्याचा मोठा भाग तिथेच गेला. २५ एप्रिल २०२० रोजी लंडनमध्ये त्या वारल्या. वुडकट, एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा खोदून केलेली छपाई), कागदाच्या लगद्याचे साचे, ब्राँझ अशा सगळ्यांत त्यांनी काम केलं, पण मुक्काम कायम कागदावर.

मग नुसतं ‘झरीना’ का लिहिता? आडनाव विसरलात का?

विसरले नाही. त्या स्वतःच कलाकार म्हणून एवढंच नाव लावायच्या. त्यांच्या प्रदर्शनांच्या पाट्यांवरही बहुतेक ठिकाणी तेवढंच असतं.

त्या कुठल्या आर्ट स्कूलच्या?

कुठल्याच नाही. त्यांनी गणितात बी.एस्सी. केलं, १९५८ साली, अलीगढलाच. जे.जे.च्या किंवा बडोद्याच्या मुलांना हे ऐकून जरा टोचतं. पण त्यांची चित्रं पाहिल्यावर त्या गणिताचं आश्चर्य वाटेनासं होतं. काटकोन, समांतर रेघा, जमिनीचा नकाशा, एका रेघेने दोन भागांत कापलेला कागद. शिवाय लहानपणी वडील मुलांना दिल्ली-फतेहपूर सिक्रीच्या जुन्या इमारती दाखवायला न्यायचे. पुढे दिल्लीत त्या ग्लायडिंग शिकल्या. घराकडे वरून बघण्याची सवय, म्हणजे छप्पर काढून भिंती तेवढ्या दिसाव्यात तशी, त्यांच्या प्रिंटमध्ये जागोजागी सापडते.

वुडकटची तोंडओळख बँकॉकमध्ये झाली. पॅरिसला गेल्यावर १९६४ ते ६७ या काळात ‘अतेलिए १७’ या छापखान्यात रीतसर एचिंग. १९७४ मध्ये जपान फाउंडेशनच्या फेलोशिपवर टोकियोत तोशी योशिदा यांच्याकडे जपानी पद्धतीचा वुडकट. शिक्षण झालं ते असं, छापखान्या-छापखान्यांतून.

‘अतेलिए १७’चं एवढं नाव का?

स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रज माणसाने १९२७ मध्ये पॅरिसमध्ये ही कार्यशाळा काढली. १९३३ मध्ये ती कांपान्य-प्रमिएर रस्त्यावरच्या १७ नंबरच्या घरात गेली, तेव्हापासून नाव पडलं ‘१७’. तिथे गुरूने सांगायचं आणि शिष्याने उतरवून घ्यायचं असा प्रकार नव्हता, सगळे एकाच टेबलाभोवती उद्योग करायचे.

आपल्यासाठी यात एक जवळचा धागा आहे. एकाच धातूच्या प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग छापायची ‘व्हिस्कॉसिटी’ पद्धत तिथे आकाराला आली, त्यात दोन भारतीयांचा हात होता. एक कृष्णा रेड्डी, आंध्रचे, जे पुढे हेटरबरोबर ही कार्यशाळा सांभाळू लागले. दुसरे कैको मोती, मुंबईत जन्मलेले आणि आपल्या जे.जे.चे विद्यार्थी. युक्ती सांगायला सोपी, हाताला अवघड. प्लेट खोल-उथळ अशा पातळ्यांवर कोरायची. एका शाईत तेल जास्त घालून ती पातळ करायची, दुसरी घट्ट ठेवायची. कडक रोलर वरच्या पातळीलाच टेकतो, मऊ रोलर खालपर्यंत पोचतो. कमी-जास्त तेलाच्या शाया एकमेकींत सहजासहजी मिसळत नाहीत, त्यामुळे एका प्लेटवर रंग आपापल्या जागी बसतात.

एवढं रंगाचं शिकून त्या काळ्यावरच का थांबल्या?

हा प्रश्न मला स्वतःला बरेच दिवस पडला होता. रंगाच्या इतक्या मोठ्या आतषबाजीतून आलेली बाई दिल्लीत परतते, १९६८ मध्ये काम सुरू करते आणि काय छापते? भंगारातले लाकडाचे तुकडे. फळ्या, ढलप्या, उरलेसुरले काप एकमेकांशेजारी चिकटवायचे, त्यांवर शाई फिरवायची आणि भारतीय हातकागदावर ठसा घ्यायचा. लाकडाच्या रेषा, गाठी, भेगा जशाच्या तशा उमटतात. कोरणं जवळपास नाहीच. १९६९चं ‘वॉल’ आणि १९७०चं ‘केज’ ही या रांगेतली कामं.

माझं मत विचाराल तर तिथेच त्यांना आपला सूर सापडला. लाकूड जे सांगतंय ते ऐकायचं, वर रंगाचा मुलामा चढवायचा नाही. नंतर कधीतरी सोन्याचा वर्ख आला, गेरूसारखे मातकट रंगही आले. पण काळी शाई आणि कागदाचा मूळ रंग ही जोडी सुटली नाही.

प्रिंट म्हणजे शेवटी कॉपीच ना? ओरिजिनल कुठे असतं?

मूळ चित्र वेगळं आणि त्याची छपाई वेगळी, असं इथे नसतंच. कोरलेला ठोकळा हे साधन. त्यावरून कलाकाराने, किंवा त्याच्या देखरेखीखाली, काढलेला प्रत्येक ठसा मूळच. किती काढायचे ते आधी ठरतं, तेवढे झाले की पुन्हा छापायचं नाही. खाली पेन्सिलीने ७/२५ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ पंचविसांतला सातवा. ‘ए/पी’ म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेला. एवढंच.

वुडकटमध्ये रेघ कशी कोरतात?

कोरतच नाहीत. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश सांगते.

वुडकटमध्ये जे कोराल ते पांढरं राहतं. शाईचा रोलर उंच भागावरूनच फिरतो, खणलेल्या भागाला लागत नाही. म्हणजे पांढऱ्या कागदावर एक काळी रेघ हवी असेल तर रेघेला हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही बाजूंचं अख्खं लाकूड खणून काढायचं.

आता झरीनांचं २००१चं ‘डिव्हायडिंग लाइन’ डोळ्यांसमोर आणा. उभ्या कागदावर वरून खाली वाकडीतिकडी उतरत गेलेली एक काळी रेघ, दुसरं काही नाही. ही भारत-पाकिस्तानची सीमा. १९४७च्या जुलैत सिरिल रॅडक्लिफ भारतात आले, पाचेक आठवड्यांत दोन प्रांत कापायच्या रेघा त्यांनी ठरवल्या आणि १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर, त्या जाहीर झाल्या. नकाशावर ती रेघ ओढायला पेन पुरलं. झरीनांना तीच रेघ लाकडात उभी करायला आजूबाजूचा सगळा मुलूख छिन्नीने उकरावा लागला. वर्गात मी हे सांगत नाही. एक फूटभर फळी देते आणि म्हणते, काळी रेघ आण. अर्ध्या तासाने तळहाताला फोड आला की चित्र आपोआप कळायला लागतं.

हे तर सुटे कागद. यांना पुस्तक का म्हणायचं?

बांधणी नाही, शिवण नाही, म्हणून शंका येते. झरीना यांना ‘पोर्टफोलिओ’ म्हणायच्या. सारख्या मापाचे कागद, ठरलेला क्रम, पुष्कळदा मुखपृष्ठ, आणि चित्राबरोबर मजकूर. आपल्याकडची जुनी पोथी आठवा. सुटी पानं, दोन फळ्यांमध्ये, वर रुमाल. तिला कुणी पुस्तक नाही म्हणत का? पोथीसारखंच इथेही पान उचलायचं, वाचायचं, पालथं घालायचं. फरक एवढाच की म्युझियममध्ये ही पानं भिंतीवर ओळीने लावतात, त्यामुळे वाचणारा पुस्तकासमोरून चालत जातो.

१९९१चं ‘द हाउस विथ फोर वॉल्स’ सात एचिंगचं आहे. चित्राला जोडून इंग्रजीत एकेक ओळ, लहानपणच्या घरातली. उन्हाळ्यातल्या लांबलचक दुपारी सगळे झोपलेले असायचे, अशा धर्तीची. पूर्ण गोष्ट कुठेच सांगितलेली नाही. १९९७च्या ‘होम्स आय मेड / अ लाइफ इन नाइन लाइन्स’मध्ये तर वाक्यंही गेली. राहिले ते त्या जिथे जिथे राहिल्या त्या घरांचे नकाशे, नऊ एचिंग. बिल्डरच्या माहितीपत्रकात असतो तसा फ्लॅटचा आराखडा, पण किचन कुठे आणि बाल्कनी कुठे हे न लिहिलेला. आत्मचरित्र लिहायची ही तऱ्हा मला फार आवडते, कारण त्यात कुणाची उणीदुणी काढायला जागाच उरत नाही.

सगळ्यात गाजलेलं काम कोणतं?

‘होम इज अ फॉरिन प्लेस’, १९९९. आपल्या भाषेत म्हणायचं तर ‘घर हा परका मुलूख’. छत्तीस वुडकट, २५ संच. म्हणजे चुकलेमाकलेले ठसे सोडले तरी नऊशे ठसे.

त्याची सुरुवात चित्राने झाली नाही, शब्दांच्या यादीने झाली. झरीनांनी घराशी निगडित उर्दू शब्द काढले आणि पाकिस्तानातल्या एका कातिबाकडे, म्हणजे सुलेखनकाराकडे, पाठवले. त्याने ते नस्तालिक या उर्दूच्या तिरक्या वळणात लिहून दिले. मग प्रत्येक शब्दाला एक आकृती. घर, उंबरठा, दार, अंगण, भिंत, सुगंध, रस्ता, अंतर, काळ, सीमा, भाषा… पहिल्या पानावर ‘घर’ आहे आणि तिथे अलीगढच्या घराचा आराखडा. पुढे पुढे आकृत्या इतक्या साध्या होत जातात की शब्द झाकला तर कशाचं चित्र आहे ते सांगता येणार नाही. उलट करून पाहा, आकृती झाकून शब्द वाचा, तर मन आपल्याच घरात जाऊन उभं राहतं. दोन्ही उघडं ठेवलं की मग कुठेतरी मध्ये त्यांचं घर दिसतं.

आकार अगदी लहान. प्रतिमा साधारण २० बाय १५ सेंटिमीटर, वहीच्या पानाएवढी. फोटोत भव्य वाटतं, कारण भिंतभर छत्तीस चौकटी असतात.

मला उर्दू वाचता येत नाही. काही कळेल का?

लिपी अडेल, शब्द फारसे अडणार नाहीत. आपण दरवाजा उघडतो, जमीन मोजतो, हद्द ठरवतो आणि दिवाणखान्यात बसतो, तेव्हा कुठली भाषा बोलतो? शेजारच्या मराठी माणसाला त्यातले निम्मेअधिक शब्द कुणी मोठ्याने वाचले तर बिनभाषांतराचे कळतील. ‘घर’ तर अक्षरशः तेच. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला इंग्रजी पाटी वाचावी लागते, तिथे आपण एक पायरी पुढे आहोत. आपण हा फायदा घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

छपाईची एक गंमतही आहे. ठोकळ्यावर अक्षर उलटं असावं लागतं. माझ्या पहिल्या ब्लॉकवर मी स्वतःचं आडनाव ऐटीत सरळ कोरलं होतं. कागदावर ते आरशातल्यासारखं उमटलं आणि घरातले अजून त्यावरून हसतात. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे ठोकळ्यावर ती आपल्या देवनागरीच्या दिशेने चालेल.

राणी कोण? तिच्या पत्रांची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. राणी ही झरीनांची मोठी बहीण, कराचीत राहायची. ती झरीनांना पत्रं लिहायची आणि टाकायची नाही. आईवडिलांचं जाणं, घर विकलं जाणं, मुलं मोठी होऊन लांब जाणं. जे लिहावंसं वाटलं पण टपालात टाकवेना, ते साठत गेलं. पुढे एकदा भेट झाली तेव्हा ती पत्रं तिने झरीनांच्या हाती दिली.

त्यावरून २००४ मध्ये ‘लेटर्स फ्रॉम होम’ झालं, आठ प्रिंट. पत्रांच्या हस्ताक्षराच्या धातूच्या प्लेट बनवल्या आणि त्यावर वुडकटने घराचे आराखडे, नकाशे, आकार छापले. काही ठिकाणी काळा आकार थेट मजकुरावर बसतो. अक्षरं त्याच्या कडांनी बाहेर येताना दिसतात, मधलं वाचता येत नाही.

बहिणीचं खासगी पत्र लोकांसमोर टांगायचं, हे बरोबर का, असं एका काकूंनी मला विचारलं होतं. मला वाटतं, तो काळा आकार हेच त्याचं उत्तर आहे. पत्र आहे हे दिसतं, अक्षर कुणाचं हेही दिसतं, आतलं मात्र दोघी बहिणींपाशीच राहतं.

त्यांना ‘फाळणीची चित्रकार’ म्हणतात. ते योग्य आहे?

अर्धवट आहे. १९४७ मध्ये त्या दहा वर्षांच्या होत्या. घर कायमचं उठलं ते तेव्हा नाही. आईवडील कराचीला गेले १९५९ मध्ये, बारा वर्षांनी, आणि तोवर झरीना लग्न होऊन परदेशात होत्या. म्हणजे त्या घर सोडून पळाल्या नाहीत. त्या परतल्या तेव्हा परतायला घर नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे आणि त्यांची चित्रं दुसऱ्या गोष्टीबद्दल आहेत. त्यात आरडाओरडा, आग, आगगाड्या सापडत नाहीत. सापडतो तो आराखडा, आठवणीने काढलेला.

आणखी एक. त्यांची नजर एका सीमेवर अडकलेली नव्हती. २००३ मधल्या नऊ वुडकटच्या संचात ग्रोझ्नी, सारायेवो, स्रेब्रेनित्सा, बैरुत, जेनिन, बगदाद, काबूल, अहमदाबाद आणि न्यूयॉर्क अशी शहरं आहेत. त्याचं शीर्षक अमेरिकन कवयित्री एड्रियन रिच यांच्या गालिबवरून केलेल्या ओळींतून घेतलं आहे. न्यूयॉर्क म्हणजे काळ्यावर दोन उभ्या पांढऱ्या रेघा. अहमदाबाद या यादीत का, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नसावी.

कागदाबद्दल एवढं बोलतात. कागद तो कागद, त्यात काय?

असं माझे वडीलही म्हणायचे. त्यांना मी एक झेरॉक्सचा कागद आणि एक कोझो दिला आणि म्हटलं, फाडा. झेरॉक्सचा टर्रकन फाटला. कोझो ओढत राहिला, तंतू लोंबकळले, फाटला तेव्हाही त्याच्या कडेला केस आल्यासारखं दिसत होतं. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद तो. पातळ असून चिवट, आणि शाई हलक्या दाबात उचलतो. झरीना पुष्कळदा अशा पातळ कागदावर छापून तो सोमरसेट या जाड सुती कागदावर चिकटवत. पातळ कागद शाईसाठी, जाड कागद आधाराला.

पुढे तर त्या कागदावर छापायच्याही थांबल्या काही काळ. सत्तरच्या दशकात नुसत्या सुईने भोकं पाडून केलेली कामं आहेत, शाईचा थेंब नाही. उजेड तिरपा पडला की दिसतात. त्यानंतर लगद्यात रंगद्रव्यं मिसळून साच्यात ओतलेली कामं, भिंतीचा तुकडा उचलून आणल्यासारखी. न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्या कागद बनवायला शिकवायच्याही.

त्या स्त्रीवादी होत्या का?

चळवळीत होत्या, आणि तिच्याशी भांडतही होत्या. गोऱ्या बायकांच्या गटांत इतरांना जागा कुठे, हा त्यांचा सवाल. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एआयआर गॅलरीत अॅना मेंदिएता आणि काझुको मियामोतो यांच्याबरोबर त्यांनी ‘डायलेक्टिक्स ऑफ आयसोलेशन’ हे प्रदर्शन उभं केलं. त्यात अमेरिकेतल्या तिसऱ्या जगाच्या स्त्री-कलाकारांचं काम होतं.

भारताने त्यांची दखल घेतली का?

उशिरा. २०११ मध्ये व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात भारताचं अधिकृत दालन होतं, क्युरेटर मुंबईचे कवी रणजित होस्कोटे. त्यांनी निवडलेल्यांत झरीना होत्या, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये ‘पेपर लाइक स्किन’ हे सिंहावलोकन झालं. ते नंतर न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमला आणि शिकागोला गेलं.

माझ्या पोरानेही काढलं असतं हे.

काढू दे की. फळी मी देते.

प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

‘होम इज अ फॉरिन प्लेस’ न्यूयॉर्कच्या मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) आणि मेट्रोपॉलिटन या दोन्ही म्युझियमांच्या संग्रहात आहे. पण कागदावरची कामं उजेडाने खराब होतात म्हणून कायम मांडलेली नसतात. जाण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर बघून जा. पोरं-नातवंडं तिकडे असतील तर त्यांना हे काम सांगा, नुसता पुतळ्यासमोरचा फोटो नको.

घरी करून बघायचं तर काय लागेल?

पहिल्यांदा लाकूड घेऊ नका, लिनो, म्हणजे लिनोलियमचा मऊ तुकडा, घ्या. यू आणि व्ही आकाराच्या दोन छिन्न्या, एक छोटा रबरी रोलर, काळी ब्लॉक प्रिंटिंगची शाई, शाई पसरायला काचेचा तुकडा किंवा जुनी टाइल. छिन्नीसमोर दुसरा हात कधीही ठेवायचा नाही. टाके याच चुकीने पडतात. शाई काचेवर फिरवताना चर्र असा बारीक आवाज आला की प्रमाण बरोबर. पचपच वाजली तर जास्त झाली. प्रेस नको. कागद ठेवा आणि पाठीवर स्टीलच्या डावाच्या फुगीर बाजूने गोल गोल घासा. घासून झालं की एक कोपरा उचलून डोकावा. फिकट वाटलं तर तसाच खाली सोडा आणि तेवढ्या भागावर परत घासा.

पहिला विषय म्हणून आपल्या घराचा आराखडा घ्या. मोजपट्टी न वापरता, आठवणीने.

नखांतली शाई जात नाहीये.

तेलाची शाई असेल तर साबणाआधी गोडेतेल चोळा, जुन्या फडक्याने पुसा, मग साबण. तरी कडेला थोडी राहील. दोन दिवसांत जाते.